दोन रिंगा

२ सप्टेंबर, मंगळवार

आज फोनवर मेसेज आला. सुरुवातच ‘प्रिय ग्राहक’ अशी. कोर्टात एकतीस वर्षं टायपिंग केलं आहे मी. नोटिशीची पहिली ओळ जितकी गोड तितका खालचा मजकूर कडू, हे मला कोणी शिकवायला नको. ‘आपल्याला अधिक चांगली सेवा देता यावी म्हणून’ जुनं नेटवर्क तीस तारखेला बंद होणार आहे आणि माझ्यासारखे बटणांचे फोन त्यानंतर चालणार नाहीत. म्हणजे सेवा सुधारण्यासाठी सेवा बंद. असा युक्तिवाद आमच्याकडच्या नवशिक्या वकिलानेसुद्धा केला नसता.

माझा फोन चौदा वर्षांचा आहे. दोनदा बादलीत पडला, एकदा गॅलरीतून खाली गेला. तेव्हा बॅटरी एकीकडे आणि झाकण दुसरीकडे सापडलं. जोडल्यावर पुन्हा मुकाट्याने वाजायला लागला. असं माणूससुद्धा मिळत नाही आजकाल. ह्यांना मेसेज वाचून दाखवला तर म्हणाले, “बरं झालं, शांतता होईल.” ह्यांच्याकडे फोनच नाही. ज्याला ह्यांच्याशी बोलायचं असतं तो मला फोन करतो आणि मी ह्यांना हाक मारते. निवृत्तीनंतर मला मिळालेली ही शिपायाची नोकरी.

४ सप्टेंबर, गुरुवार

लेकीने लांबून हुकूम सोडला, “आई, आता स्मार्टफोन घेच.” लेक दूरच्या शहरात असते आणि फोनवर हेडक्लार्कच्या सुरात बोलते. हा सूर तिने कोणाकडून उचलला, कळत नाही.

मग ह्यांना घेऊन कंपनीच्या दुकानात गेले. काचेचं दार, आत कुडकुडायला लावणारा एसी, आणि टोकन देणारं यंत्र. दुकानात आमच्याखेरीज कोणीच नव्हतं, तरी टोकन घ्यावंच लागलं. नंबर आला चव्वेचाळीस. त्रेचाळीसपर्यंतचे कुठे गेले ते विचारलं नाही. काउंटरवरच्या पन्नाशीच्या गृहस्थाच्या चेहऱ्यावर एक हसू होतं. ते आम्ही आलो तेव्हा होतं, निघालो तेव्हाही होतं, आणि मधे स्टेपलरची पिन बोटात घुसली तेव्हाही होतं. मी त्याचं नाव ‘हसरा’ ठेवलं.

“मॅडम, ह्याला चार कॅमेरे आहेत.”

“मला डोळेच दोन आहेत. त्यातल्या एकात मोतीबिंदू आहे.”

“आणि हा तुमचा चेहरा बघून उघडतो.”

घरी आल्यावर बघितलं. चष्मा घातला की ओळखतो, चष्मा काढला की ओळखत नाही. सकाळी उठल्याउठल्या तर अजिबात नाही. तसं ह्यांचंही होत असेल, पण हे बोलून दाखवत नाहीत. फोन घेतला. सिम नवीन आकाराचं लागेल, ते येऊन बदलून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे, असं हसऱ्याने सांगितलं. हे ‘दोन मिनिटांचं’ मी मुद्दाम इथे नोंदवून ठेवते.

६ सप्टेंबर, शनिवार

साडेसात वाजता दोन रिंगा आल्या. नेहमीप्रमाणे.

पुढे-मागे ही वही लेकीच्या हातात पडली तर तिला कळावं म्हणून लिहिते. माझी धाकटी बहीण पूर्वी दर शनिवारी दुपारी आमच्याकडे यायची. कवळ्या बनवण्याचं काम करते ती, दाताच्या डॉक्टरांसाठी. दिवसभर दुसऱ्यांचे दात घासूनपुसून स्वतःची जीभ धारदार झालेली. साडेसहाला निघायची, साडेसातला घरी पोचायची, आणि पोचल्यावर माझ्या फोनवर दोन रिंगा देऊन ठेवून द्यायची. उचलायचा नाही. दोन रिंगा म्हणजे ‘पोचले’. आईने लावलेली शिस्त. तेव्हा फोनवर बोलण्यापेक्षा वाजवणं स्वस्त पडायचं.

नऊ वर्षांपूर्वी आमचं फाटलं. येणं बंद, बोलणं बंद. पण दर शनिवारी साडेसातला दोन रिंगा येतातच. कुठून निघते आणि कुठे पोचते ते तिलाच माहीत. मी उचलत नाही. उचलायचा नियमच नाही. फोनमधून तिचं नाव केव्हाच पुसून टाकलं आहे. नंबर पाठ आहे त्याला मी काय करू? शेवटचा आकडा सोडला तर तो माझाच नंबर आहे. माझा सहाने संपतो, तिचा साताने.

मला त्याचं काही नाही. सवयीने शनिवारी त्या वेळी फोन टेबलावर ठेवते, एवढंच.

९ सप्टेंबर, मंगळवार

सिम बदलायला गेले. हसऱ्याने माझा नंबर कॉम्प्युटरवर टाकला आणि त्याचं हसू किंचित हललं.

“मॅडम, हा नंबर तुमच्या नावावर नाही.”

“मग कोणाच्या नावावर आहे?”

“ते सांगता येत नाही. ग्राहकाची गोपनीय माहिती आहे.”

“अहो, ग्राहक मीच आहे.”

“नाही ना मॅडम.”

वीस वर्षं जो नंबर मी वापरतेय, तो कोणाचा हे मला सांगायला हा तयार नाही. शेवटी मी काउंटरवर इतकी वाकले की स्क्रीन दिसला. स्क्रीनवर धाकटीचा फोटो. वीस वर्षांपूर्वीचा. केस काळेभोर, मोठा चष्मा, आणि फोटोवाल्याने हसू नका सांगितल्यावर ती जसं तोंड करते तसं तोंड. मग आठवलं. दोन नंबर जोडीने मिळत होते तेव्हा तीच रांगेत उभी राहिली होती. “ताई, तुझा फोटो दे आणि एक सही कर,” असं म्हणाली होती. मी म्हटलं होतं, “मला वेळ नाही, दोन्ही तुझ्याच नावावर घे.” दुसऱ्यांची खरेदीखतं टाइप करताना एका चुकलेल्या आडनावासाठी पानंच्या पानं परत काढायला लावणारी मी. माझा स्वतःचा नंबर वीस वर्षं दुसरीच्या नावावर.

आता नियम असा. ज्याच्या नावावर नंबर, त्याने स्वतः ओळखपत्र घेऊन यायचं. नाहीतर हेल्पलाइनवर त्याने स्वतःची ओळख पटवायची. दोन्ही नसेल तर तीस तारखेनंतर नंबर पंधरा दिवस पडून राहणार आणि मग दुसऱ्या कोणालातरी देणार.

“त्यापेक्षा नवीन नंबर घ्या ना मॅडम,” हसरा म्हणाला. “आत्ता देतो. शेवटी तीन नव असलेला आहे, लोक मागून घेतात.”

मी नको म्हटलं. पेन्शनच्या ऑफिसात हाच नंबर दिलेला आहे, बँकेत आहे, गॅसवाल्याकडे आहे. घरी येऊन ह्यांना हीच कारणं सांगितली. हे म्हणाले, “पेन्शनच्या ऑफिसात अर्ज दिला की बदलून देतात. गॅसवाला तर फोनवरच बदलतो.”

मी म्हटलं, तुम्हाला काय कळतं त्यातलं.

१० सप्टेंबर, बुधवार

लेक म्हणाली, “मग मावशीला फोन कर ना सरळ. पाच मिनिटांचा प्रश्न आहे.”

सगळ्यांकडे मिनिटांचा हिशेब तयार असतो. मी सांगितलं, कंपनीची चूक आहे, कंपनी निस्तरेल. “चूक कंपनीची कशी?” म्हणाली. मुलांना शिकवून ठेवलं की अशी उलटतपासणी होते.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

हेल्पलाइन. यंत्रातल्या बाईने पहिल्यांदा सांगितलं की माझा कॉल त्यांच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग बिलासाठी एक दाबा, रिचार्जसाठी दोन दाबा, तक्रारीसाठी तीन दाबा. तीन दाबलं. तक्रार बिलाची असेल तर एक दाबा. अशा दारामागून दारं. मग संगीत. बेचाळीस मिनिटं. मधून मधून बाई येऊन सांगत होती की माझा कॉल महत्त्वाचा आहे. पाचव्यांदा मला तिची दया आली. बेचाळिसाव्या मिनिटाला खराखुरा माणूस आला, “नमस्कार” म्हणाला आणि फोन कट झाला. एवढा एक नमस्कार घालण्यासाठीच त्याला नेमलं असावं.

१३ सप्टेंबर, शनिवार

साडेसात. दोन रिंगा.

१५ सप्टेंबर, सोमवार

आज मी एक गुन्हा केला. तोतयेगिरीच्या किती फिर्यादी ह्या हातांनी टाइप केल्या आहेत, मोजदाद नाही. पण कंपनीने माझ्यासमोर दुसरा रस्ता ठेवलेला नाही.

हेल्पलाइनला फोन लावून धाकटी बनले. ती थोडी नाकात बोलते, तसं बोलले. हे शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत होते. पान उलटायचं थांबले. पलीकडची मुलगी नम्र होती. नाव विचारलं, सांगितलं. जन्मतारीख विचारली, झटकन सांगितली. ती तारीख मी कशी विसरेन? त्या दिवशी मला शेजाऱ्यांकडे ठेवलं होतं आणि संध्याकाळी एक लाल गाठोडं दाखवून “ही तुझी” असं सांगितलं होतं. मग आईचं नाव विचारलं. ते सांगताना मात्र खोटं बोलावं लागलं नाही.

मग मुलगी म्हणाली, “आपण एक गुप्त प्रश्न निवडला होता. लहानपणी आपली सर्वांत जवळची मैत्रीण कोण? त्याचं उत्तर सांगा.”

झाली पंचाईत. धाकटीला मैत्रिणी होत्याच कुठे? मधल्या सुट्टीत सगळ्या मुली खेळायच्या आणि ही माझ्या वर्गाच्या दाराशी डबा घेऊन उभी. मला लाज वाटायची वर्गात. हाकललं तरी जायची नाही. घरी येतानाही माझ्या दप्तराचा बंद धरून मागे मागे.

आठवून एक नाव सांगितलं, वर्गात पहिली यायची त्या मुलीचं. जुळत नाही. मग दूधवाल्याच्या मुलीचं. जुळत नाही. तिसरं नाव ड्रॉइंगच्या बाईंच्या भाचीचं. तिच्याशी धाकटी एकदा भांडली होती, म्हणजे ओळख तरी होती. जुळत नाही. तीन प्रयत्न संपले. “आता चोवीस तासांनी प्रयत्न करा,” मुलगी म्हणाली. “आणि ताण घेऊ नका मॅडम, बरेच लोक स्वतःचं उत्तर विसरतात.”

फोन ठेवल्यावर ह्यांनी पेपरचं पान उलटलं. “आवाज छान जमला,” एवढंच म्हणाले.

१७ सप्टेंबर, बुधवार

पुन्हा धाकटी झाले. आज शिवणाच्या वर्गातली बोबडी, नंतर समोरच्या घरातली चष्मेवाली, आणि शेवटी रागाने तिच्या बाहुलीचं नाव सांगितलं. एकही जुळलं नाही. आता खातं आठवडाभर बंद.

माणसाने वीस वर्षांपूर्वी असा प्रश्न निवडावा कशाला? आवडता रंग निवडायचा, पहिल्या शाळेचं नाव निवडायचं. त्याची उत्तरं मला येतात. बरं, जी मैत्रीण मला ठाऊकच नाही ती सर्वांत जवळची कशी असेल? म्हणजे धाकटीने तेव्हाही माझ्यापासून गोष्टी लपवल्या होत्या. हे कळलं ते एक बरं झालं.

ह्यांना विचारलं, तुम्हाला सुचतंय का काही? ह्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. मग चहा करू का म्हणाले.

२२ सप्टेंबर, सोमवार

कंपनीला प्रतिज्ञापत्र पाठवलं. ‘मी, खाली सही करणार, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की सदरहू क्रमांक वीस वर्षे अखंडपणे माझ्या वहिवाटीत असून’ इथपासून अकरा परिच्छेद. निवृत्तीनंतरचं माझं उत्तम काम. लेकीने सांगितलं तसं नव्या फोनवर फोटो काढून, शेजाऱ्यांच्या वायफायवरून धाडलं.

दहा मिनिटांत उत्तर आलं. ‘आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद. आमच्या सेवेला किती तारे द्याल?’

२७ सप्टेंबर, शनिवार

साडेसात. दोन रिंगा. ह्या शेवटच्या. पुढच्या शनिवारी हा फोन म्हणजे नुसतं खेळणं.

दुसरी रिंग वाजत असताना अंगठा हिरव्या बटणावर होता. दाबला नाही. दाबून बोलणार काय होते, “तुझं ओळखपत्र घेऊन ये”?

आता इतकं लिहिलंच आहे तर उरलेलंही लिहिते. आईला दवाखान्यात नेलं त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन तासाभरात करावं लागेल, सही कोण करतंय? मी केली. धाकटी तेव्हा कामावर होती, दवाखान्यापासून वीस मिनिटांच्या अंतरावर. फोन माझ्या पर्समध्ये होता, तिनेच रांगेत उभं राहून नंबर आणलेला. मी केला नाही. ती रडायला लागेल, मग तिला सावरू की आईला बघू, असा विचार केला. विचार कसला, सवय. घरातलं सगळं मीच ठरवायचे. आई ऑपरेशननंतर शुद्धीवर आलीच नाही.

धाकटी आली तेव्हा सगळं संपलं होतं. तिथल्या लांब बाकाशी उभी राहून तिने विचारलं, “सहीला पेन मिळालं तुला, मला फोन करायला फोन नाही मिळाला?” मी म्हटलं, “तू येऊन काय करणार होतीस?” तिने काय केलं असतं ते मला नंतर कळलं. आईला भेटली असती, एवढंच.

त्यानंतरच्या शनिवारी ती आली नाही. मी दोन कप काढले होते. साडेसातला मात्र दोन रिंगा आल्या.

१ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी उठून बघितलं, जुन्या फोनवर ‘सेवा उपलब्ध नाही’. कंपनीने पहिल्यांदाच दिलेला शब्द पाळला.

नव्या फोनवर वायफायने सगळं दिसतं. जगात कुठे काय चाललं आहे, माझ्या वयाच्या बायकांनी कोणते व्यायाम करावेत, सगळं. फक्त तो वाजत नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

काल लिहायला जमलं नाही. कारणं खाली येतीलच.

काल शनिवार. सात वाजता जुना फोन टेबलावर ठेवला. बंद आहे हे ठाऊक असून ठेवला; हात गेला आपोआप. हे समोर येऊन बसले. साडेसात झाले. पावणेआठ झाले. ह्यांनी विचारलं, “काय करणार आहेस?” मी म्हटलं, काही नाही. सव्वाआठला म्हटलं, एक सही आणायची आहे, कंपनीच्या कामासाठी, उद्या जाऊन आणते. हे म्हणाले, “उद्या कशाला?”

पावणेनऊला मी चपला घालून दार उघडलं ते कचरा टाकायला, असं इथे नमूद करते. हातात कचऱ्याची पिशवी नव्हती आणि खांद्याला पर्स होती, हा तपशील गौण आहे.

दारात धाकटी. घंटीकडे हात नेलेला. पायात घरातल्या सपाता, एक निळी, एक तपकिरी. केस पांढरे. इतके पांढरे कधी झाले? जिना चढून धाप लागलेली.

“फोन का बंद आहे तुझा?” नऊ वर्षांनंतरचं हे पहिलं वाक्य.

“नेटवर्क बंद झालंय,” मी म्हटलं. हे माझं.

ती दाराच्या चौकटीला धरून खालीच बसली आणि रडायला लागली. रडता रडता शिव्याही दिल्या. “मला वाटलं गेलीस तू. सात वेळा लावला. दर वेळी ती बाई सांगते, हा क्रमांक अस्तित्वात नाही. अस्तित्वात नाही म्हणजे काय गं? असं कोणी सांगतं का माणसाला?”

मीही खाली बसले तिच्या शेजारी. गुडघे दुखतात, पण बसले. तिच्या सपाता काढून जोडीने नीट लावून ठेवल्या. जोडी नव्हतीच ती. हे आतून पाणी घेऊन आले आणि तिघांना आत जागा असताना तेही आमच्याशेजारी दारातच टेकले.

नंतर मी म्हटलं, लेकीला विचारायचंस. म्हणाली, विचारलं. लेक म्हणाली, “मलाही लागत नाहीये मावशी, मला फार काळजी वाटतेय, तू जाऊन बघशील का?” कालच सकाळी लेक नव्या फोनवर माझ्याशी तासभर व्हिडिओवर बोलली होती, मी केस विंचरले नाहीत म्हणून मला बोलणीही बसली होती. वायफाय नसेल तेव्हा तिच्याकडे, असं समजते मी.

काल धाकटी इथेच झोपली. सकाळी उठले तर माझ्या खोलीच्या दाराशी चहाचा कप घेऊन उभी.

६ ऑक्टोबर, सोमवार

दुकानात दोघी गेलो. टोकन सत्याऐंशी. आज खरोखर गर्दी होती. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर शेजारी शेजारी बसलो. एकोणऐंशी नंबर चालू होता. धाकटी ओळखपत्र पर्समधून काढून पुन्हा ठेवत होती, पुन्हा काढत होती.

ब्याऐंशी पुकारला तेव्हा मी म्हटलं, “फोन करायला हवा होता मी. त्या दिवशी.”

ती समोर बघत म्हणाली, “हो.”

पंच्याऐंशीला म्हणाली, “मी आले असते तर रडले असते, ते खरंय.”

“रडली असतीस तर रडली असतीस.”

मग सत्याऐंशी आला. हसऱ्याने ओळखपत्र बघितलं, धाकटीकडे बघितलं, स्क्रीनवरच्या काळ्या केसांकडे बघितलं. “बोटाचा ठसा द्या मॅडम.” कवळ्यांना पॉलिश करून करून धाकटीच्या बोटांच्या रेषा गेलेल्या. यंत्राने दहाही बोटं नाकारली. खुद्द मालकीण समोर उभी, आणि कंपनीच्या मते ती कोणीच नव्हे. मला हसू आवरेना.

“मग गुप्त प्रश्नाचं उत्तर द्यावं लागेल,” हसरा म्हणाला. “लहानपणी आपली सर्वांत जवळची...”

“माहीत आहे प्रश्न,” धाकटी घाईने म्हणाली. माझ्याकडे बघून जरा लाल झाली. “तू तिकडे बघ.”

मी तिकडे बघितलं. तिकडे भिंतीवर एक हसणारं कुटुंब फोन धरून उभं होतं. धाकटीने काउंटरवर वाकून हसऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं. त्याने टाइप केलं. यंत्र टिंग वाजलं, पहिल्या झटक्यात. हसऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि हसला. आतापर्यंत जे होतं ते हसू नव्हतं, हे तेव्हा कळलं. ह्याला माझ्याकडे बघून हसायला काय झालं, कोण जाणे.

सिम बदलायला खरोखर दोन मिनिटं लागली. नोंदवून ठेवते. त्याला चौतीस दिवसांची पूर्वतयारी लागली, तेही नोंदवते.

“नंबर आता ह्या मॅडमच्या नावावर करून टाकू का?” हसऱ्याने विचारलं. “एक अर्ज आहे फक्त. पुन्हा कटकट नको.” अर्ज समोर ठेवला, पेनही दिलं.

एकतीस वर्षं मी लोकांना सांगत आले की वेळच्या वेळी नावावर करून घ्या. पेन हातात धरलं. मग त्याला परत दिलं.

“राहू दे,” मी म्हटलं. “तिच्याच नावावर राहू दे. काही लागलं तर हिला घेऊन येईन मी.”

आता धाकटीने तिकडे भिंतीकडे तोंड केलं.

११ ऑक्टोबर, शनिवार

दुपारी तीनला आली. आज दोन्ही चपला एका रंगाच्या. येताना माझ्यासाठी फोनचं कव्हर आणलं, पाठीवर गुलाबी फुलं असलेलं. म्हटलं, वयाचा तरी विचार करायचास. म्हणाली, “पडतो ना तुझ्या हातून सारखा.” चहा प्यायलो. मी चारदा तिच्या बोलण्यात बोलले, ती दोनदा चिडली. मग ती नव्या फोनवर माझा फोटो काढत बसली. चार कॅमेऱ्यांतूनही मी तशीच दिसते. मीही तिचा एक काढला आणि तिच्या नंबरापुढे नावासकट लावून ठेवला.

ती मैत्रीण कोण, ते काही तिने सांगितलं नाही. तीनदा विचारलं. “सांगत नाही जा,” म्हणते, पासष्टीकडे झुकली तरी. ती गेल्यावर ह्यांना म्हटलं, शेवटी राहूनच गेलं ते. हे म्हणाले, “तू कोर्टात होतीस ना गं इतकी वर्षं?” आता कोर्टाचा इथे काय संबंध? ह्यांचंही वय झालं.

साडेसहाला निघाली होती. सातला फोन टेबलावर ठेवला. फुलं खाली, काच वर. ह्यांनी रेडिओ बंद केला, मी काही सांगितलं नव्हतं.

सात एकतीसला काच उजळली. तिचा आजच काढलेला फोटो आला, तोंडात बिस्किट असलेला. एक रिंग. दोन रिंगा. थांबला.

पोचली.